तुटलेला पाटा वेल्डिंगने का सांधत नाही

गिअर टाकून क्लच सोडला की मागून ‘टक्क’ असा आवाज येतो. सपाट जागी उभी केली तरी गाडी एका कुशीवर कललेली दिसते. मडगार्डच्या कमानीत मागचं एक चाक मधोमध न राहता पुढे किंवा मागे सरकलेलं असतं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की खाली वाकण्याआधीच समजावं, पाटा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग), तरी तुटलाय किंवा त्या पट्ट्यांना मधोमध ओवणारा सेंटर बोल्ट तरी. त्यातल्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात.

महिंद्राच्या जुन्या जीप आणि एमएम ५४० यांना चारही चाकांवर पाटे होते. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीलाही पुढे-मागे पाटेच, आणि ताडोबा-पेंचच्या जंगलवाटांवर ती वर्षानुवर्षं फिरत आली आहे. २०१० च्या थारला मागे पाटे होते, २०२० च्या थारमध्ये तिथे कॉइल स्प्रिंग आली. बोलेरो पिकअपच्या मागे मात्र आजही पाटेच असतात. पाटा लोकप्रिय राहण्याचं कारण साधं आहे. तो गाडीचं वजन पेलतो आणि दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या एक्सललाही जागेवर धरून ठेवतो, त्यासाठी वेगळ्या दांड्या लागत नाहीत. पण याच दुहेरी कामामुळे तो तुटला की गाडी नुसती खाली बसत नाही, तिचा एक्सलही मोकळा होतो.

सगळ्यात वरचा तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळवलेले असतात. एक डोळा चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हँगरमध्ये, म्हणजे तिथल्या पक्क्या कंसात, घट्ट बसतो, दुसरा शॅकल नावाच्या हलत्या कडीला लटकतो, कारण वजन आलं की पाटा सरळ होत लांबतो आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. खाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. सगळ्यांच्या मधून सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. आणि या सगळ्याला एक्सलवर आवळून धरतात ते दोन यू-बोल्ट.

बहुतेक वेळा मोड यू-बोल्टांपासून सुरू होते, आणि दोष मात्र पाट्याला दिला जातो. यू-बोल्ट घट्ट असतील तर त्यांच्यामधला पाट्याचा तुकडा जवळजवळ वाकतच नाही, त्यामुळे मधलं भोक सुरक्षित राहतं. यू-बोल्ट सैल झाले की वाकण्याचा सगळा ताण नेमका त्या भोकापाशी येतो. भोक म्हणजे पाट्यातली सगळ्यात अशक्त जागा. तिथे रुंदी कमी असते आणि भोकाच्या कडेवर ताण दुपटीच्या आसपास साचतो. म्हणून पाटा बरोबर भोकातून आडवा तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होते असं धरून चालावं. यू-बोल्टच्या बैठकीच्या कडेला तुटला असेल तर ती वर्षानुवर्षांच्या वापराची, धातू थकल्याची मोड आहे. डोळ्याजवळ तुटला असेल तर शॅकलचा बुश (डोळ्यात बसणारी नळी) गंजून जाम झाला आहे का, ते आधी पाहावं. पाट्यांना एकत्र बांधणाऱ्या क्लिपाही तपासाव्यात. चाक खड्ड्यावरून लोंबकळतं तेव्हा एक्सलचं वजन उलट्या दिशेने मेन पाट्यावर येतं. क्लिपा असतील तर खालचे पाटेही त्याच्यासोबत ओढले जातात, क्लिपा गळून पडल्या असतील तर तो एकटाच ओढला जातो.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नये. त्याचा मोडलेला तोंडाकडचा भाग उजेडात धरून पाहावा. एका कोपऱ्यातून सुरू झालेला, काळसर, गंजलेला, गुळगुळीत पट्टा दिसतो. त्यात शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा असतात. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार आणि चकचकीत असतो. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक आठवडे हळूहळू पुढे सरकत गेलेली भेग, आणि चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या दणक्यात तुटलेला धातू. गुळगुळीत भाग जितका मोठा, तितका ताण कमी आणि भेग जुनी. ती वेळेत दिसली असती, हे तो तुकडाच सांगतो. वक्र रेषा ज्या बिंदूभोवती दिसतात तिथे बहुधा गंजाचा खड्डा, हातोड्याची खूण किंवा वेल्डिंगचा उडालेला थेंब सापडतो.

आता वेल्डिंगकडे. पाट्याचं पोलाद साधं लोखंड नव्हे. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. कारखान्यात ते ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात आणि मग ४०० ते ५०० अंशांना पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. या दोन पायऱ्यांमुळेच ते साध्या लोखंडाच्या चौपटीहून जास्त ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येतं. वेल्डिंगची कमान पेटली की सांध्यालगतचा भाग पुन्हा लाल होतो, आणि आजूबाजूचा थंड पाटा त्याची उष्णता क्षणात शोषून घेतो. म्हणजे पुन्हा विझवणं झालं, पण ठिसूळपणा काढणं झालं नाही. तिथे मार्टेन्साइट नावाची कडक, काचेसारखी तडकणारी रचना तयार होते. तिच्या पलीकडचा पट्टा, जो लाल झाला नाही पण ५०० अंशांच्या वर गेला, तो उलट मऊ पडतो. कडक आणि मऊ असे दोन पट्टे शेजारी-शेजारी, आणि तेही वाकणाऱ्या पट्टीत. सांधा कितीही सुबक दिसला तरी तो काही दिवसांत सांध्याच्या कडेने तुटतो. यावर जाड रॉड, जास्त अँपिअर, वरून पट्टी मारणं यातला कुठलाच उपाय चालत नाही. पाट्यावर रॉडचं टोक नुसतं टेकवून ठिणगी काढली तरी मार्टेन्साइटचा ठिपका उरतो, आणि पुढची भेग तिथून सुरू होते.

दुसरी समजूत जाडीची. ६ मिमीचा पाटा तुटला म्हणून ८ मिमीचा घातला तर काय होतं? पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनानुसार वाढतो, म्हणजे जवळजवळ २.४ पट होतो. वजन तेवढंच असेल तर ताण खरोखर कमी होतो, ५६ टक्क्यांवर येतो. पण दगडगोट्यांच्या वाटेवर वजनाचा हिशोब पुरत नाही. तिथे एक चाक दरडीवर आणि दुसरं खड्ड्यात असतं, आणि पाटा किती वाकणार हे जमिनीचा उंचसखलपणा ठरवतो. तेवढंच वाकायचं असेल तर ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८ मिमीच्या पाट्यात तो ३३ टक्के जास्त असतो. मालवाहू गाडीला जाड पाटा मानवतो, चढउतारात चाकं वर-खाली करणाऱ्या जीपमध्ये तोच आधी तुटतो. ताकद हवी असेल तर त्याच जाडीचा आणखी एक पाटा घालावा. ताठरपणा वाढतो, पण त्याच वाकण्याला प्रत्येक पाट्यातला ताण तेवढाच राहतो. मेन पाट्याखालचा दुसरा पाटा डोळ्याभोवती सैलसर वळवलेला मिळाला तर तोच घ्यावा. मेन पाटा तुटला तरी एक्सल त्याच्यात अडकून राहतो. दुर्गम वाटेवर जाणाऱ्या गाडीला यापेक्षा मोलाची सुधारणा दुसरी नाही.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक काढून देतात, त्याबद्दलही सावध राहावं. गॅसने लाल करून वाकवलेला आणि तसाच सोडलेला पाटा आपली उष्णताप्रक्रिया गमावतो, आणि काही आठवड्यांत पुन्हा बसतो. थंडच ठोकून बाक काढला तर वेगळी अडचण येते. काम करताना पाट्याची वरची, खोलगट बाजू ताणली जाते. ठोकून उलट्या दिशेला वाकवल्यावर त्याच बाजूला आधीपासून ताण शिल्लक राहतो, वर हातोड्याचे व्रण उमटतात. कारखान्यात नेमकं उलट करतात. छऱ्यांचा मारा करून त्या पृष्ठभागात दाब भरून ठेवतात, म्हणजे भेग उघडायलाच कष्ट पडतात. भट्टी, तेलाची टाकी आणि पुन्हा तापवायची सोय जिथे आहे तिथेच हे काम द्यावं. नसेल तर नवा पाटा स्वस्त पडतो.

पाटा बदलताना गाडी चासीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून उचलावी आणि एक्सलला वेगळा जॅक द्यावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. शॉकअपचं खालचं टोक सोडावं, मग यू-बोल्ट, मग शॅकल आणि हँगरचे बोल्ट. गंजलेले यू-बोल्ट गॅसने न कापता ग्राइंडरने कापावेत, आणि चकती पाट्याला लागू देऊ नये. सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मजबूत सी-क्लॅम्प आवळावा. प्रत्येक पाट्याचा बाक वेगळा असतो, बोल्ट सुटला की जोराने उघडतात आणि बोटं तुटू शकतात. बोल्ट निघाल्यावर दोन्ही क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे सैल करावेत.

सुटे पाटे तारेच्या ब्रशने घासून रॉकेलने पुसावेत, पंधरा मिनिटांनी कोरडे करून वरून खडू फासावा. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ काढतं. आखूड पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात नखाला लागेल इतकी खाच पाडली असेल तर तो पाटा बाद. जोडताना भोकात बसेल असा लांब आट्यांचा रॉड घालून पाटे जवळ ओढावेत, सी-क्लॅम्प लावावेत आणि मग रॉडच्या जागी योग्य मापाचा नवा सेंटर बोल्ट बसवावा. मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात पुरे. थापून भरलं तर त्यावर चिखलातली वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी घासते.

यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत, कारण जुन्यांचे आटे ताणले गेलेले असतात. चारही नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळावा; १२ मिमीच्या ८.८ प्रतीच्या (मजबुतीचा दर्जा) बोल्टाला तो साधारण ८० न्यूटन-मीटर असतो. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वेल्डिंगची जागा चासी आणि हँगर. हे मवाळ पोलाद, ते सांधता येतं. पण इथेही भेगेवरून नुसता रॉड फिरवला तर ती आतून चालतच राहते. आधी रॉकेल-खडूने भेगेचं टोक शोधावं, त्याच्या किंचित पुढे ५ मिमीचं भोक पाडावं, म्हणजे भेगेच्या टोकाशी साचणारा ताण पसरतो. मग ग्राइंडरने भेग व्ही आकारात उघडून ३.१५ मिमीच्या ७०१८ प्रकारच्या वेल्डिंग रॉडने भरावी. हा रॉड दमट असेल तर सांध्यात हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर तडे जातात, म्हणून तो ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांना तासभर तापवून घेतलेला हवा.

वरून लावायची पट्टी चासीच्याच जाडीची घ्यावी, साधारण ३ ते ४ मिमी. ८ मिमीची प्लेट लावली की ताठरपणा जिथे एकदम संपतो, म्हणजे प्लेटच्या टोकाला, नवी भेग पडते. याच कारणाने पट्टीची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती कापावीत, कोपरे गोल करावेत आणि चासीला काटकोनात आडवा सांधा मारू नये. चासीच्या वरच्या-खालच्या कडा मोकळ्या सोडाव्यात. पेटीसारख्या चासीतून आरपार बोल्ट जात असेल तर आत पाइपचा तुकडा बसवून तो दोन्हीकडून वेल्ड करावा, नाहीतर नट आवळताना चासीच्या भिंतीच आत दबतात आणि बोल्ट कधीच घट्ट बसत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या जवळ, त्याच धातूवर लावावा. तो एक्सलला लावला तर करंट बेअरिंग आणि पाट्यांतून जातो. मागच्या हँगरजवळून डिझेलची आणि ब्रेकची नळी जाते, ती सोडवून बाजूला घ्यावी. पाट्यांवर ओलं गोणपाट टाकावं.

शॉकअपचे माउंट वारंवार तुटत असतील तर ते जाड करण्याआधी शॉकअपची लांबी मोजावी. गाडी उंच करून जुनेच शॉकअप ठेवले की चाक लोंबकळताना शॉकअप पूर्ण ताणला जातो, आणि एक्सलचं सगळं वजन माउंटच्या दोन कानांवर येतं. खालून धक्का बसताना रबरी बंप स्टॉप शॉकअपच्या आधी टेकायला हवा. गाडी उंच करायला पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालतात, तो पुढच्या एक्सलला कधीही नको. ब्रेक लागला की एक्सल पिळवटतो, आणि ठोकळा तो पीळ वाढवून पाट्याला इंग्रजी ‘एस’सारखा आकार देतो.

वाटेत, गॅरेजपासून लांब मेन पाटा तुटला तर पहिलं काम एक्सल मागे सरकू न देणं. चासी आणि एक्सल यांच्यामध्ये सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा ठोकून वजन त्यावर घ्यावं, रॅचेटच्या पट्ट्याने एक्सल पुढच्या हँगरकडे बांधावा, आणि ब्रेकची नळी व प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलला फिरवणारा दांडा) कुठे घासत नाही ना ते पाहावं. तुटका तुकडा वर दुसरा पाटा ठेवून दोन यू-बोल्टांत आवळता आला तर उत्तम. मग सामान आणि माणसं उतरवून ताशी १५ ते २० किलोमीटरने, उतारावर इंजिनाच्या ब्रेकने निघावं. गाडीत एक सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट नटांसकट आणि एक सी-क्लॅम्प असेल तर ही मोड संध्याकाळपर्यंत मार्गी लागते.

नव्या पाट्यांवर पहिले १०० ते २०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण पाट्यांमधला रंग आणि गंज दबून जागा सुटते. त्यानंतर ५०० किलोमीटरला आणखी एकदा. आवळून झाल्यावर नट, बोल्टचा आटा आणि प्लेट या तिघांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. चिखल धुताना ती रेघ तुटलेली दिसली, तर नट सरकलाय आणि मधलं भोक ताण घ्यायला लागलंय.