राहण्याजोग्या ग्रहांचा शोध

दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह म्हणजे बाह्यग्रह, आणि त्यातल्या कुठल्यावर पाणी पाणी म्हणून टिकेल, वाफ किंवा बर्फ होणार नाही, हे हुडकायचं हे काम. नाशिकच्या माणसाला हे शेकोटीवरून लगेच कळतं. निफाडकडे थंडीत पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटवतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून, आणि त्या शेकोटीला खेटून बसलं तर भाजतं, लांब सरकलं तर कुडकुडतं, मधल्या पट्ट्यात बरं वाटतं. ताऱ्याभोवतीच्या तसल्या पट्ट्याला हॅबिटेबल झोन म्हणतात. पट्ट्यात आहे म्हणजे राहता येतंच असं नाही बरं का, आपला चंद्रही त्याच पट्ट्यात आहे!

ग्रह थेट दिसतो फार क्वचित. एक पद्धत ट्रान्झिटची: ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित कमी होतो, सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर 1 टक्क्याच्याही शंभराव्या भागाहून कमी, आणि त्यातही ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत हवी. केप्लर दुर्बिणीने 2009 ते 2018 हेच केलं, 2018 पासून टेस ही दुर्बीण करतेय. दुसरी पद्धत ग्रहाच्या ओढीने होणारं ताऱ्याचं डुलणं मोजायची. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला जेमतेम 9 सेंटीमीटर वेगाने हलतो, मुंगीच्या चालीसारखंच म्हणा ना. आपल्याकडे माउंट अबूला पारस नावाचं उपकरण ह्याच पद्धतीने काम करतं.

सध्या जास्त लक्ष लाल खुज्या ताऱ्यांवर, म्हणजे सूर्याहून लहान नि मंद ताऱ्यांवर आहे. शेकोटी बारकी, त्यामुळे ग्रह अगदी जवळ बसलेला, प्रॉक्सिमा बी (शोध 2016, अंतर 4.2 प्रकाशवर्षं) 11 दिवसांतच एक फेरी मारतो. ट्रॅपिस्ट-1 ह्या तसल्याच ताऱ्याभोवती तर 7 ग्रह आहेत. पण इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहायची शक्यता मोठी, म्हणजे तोंड भाजतंय नि पाठ गारठलीय, शेकोटीजवळ बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वर हे तारे भडकतातही, त्या भडक्यांत ग्रहाची हवाच उडून जाऊ शकते. म्हणून "दुसरी पृथ्वी सापडली" अशी बातमी आली की मी तरी आधी तारा कसला आहे ते बघतो.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना सापडला, त्यांना 2019 चं नोबेल मिळालं. तारा 51 पेगासी. ग्रह मात्र गुरूसारखा वायूचा गोळा, 4 दिवसांत फेरी, राहायचं नावच नको. हा तारा पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा पश्चिमेला आहे, आणि नाशिकचं अक्षांश 20 अंश असल्यामुळे दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. शहरातल्या लाइटमध्ये दिसायचा नाही, त्र्यंबकच्या पुढे अंधारात गेलं तर नजर चांगली असलेल्याला बारीकसा दिसतो.