उंचावलेले पुढचे सस्पेन्शन : चाकांचे अलाइनमेंट आणि टायरची झीज

ट्रक किंवा पिकअपचे पुढचे सस्पेन्शन मूळ उंचीच्या वर नेले की चाकांचे कोन बदलतात. तो बदल, तो दुरुस्त करण्याच्या पद्धती आणि दुरुस्ती न झाल्यास होणारी टायरची झीज हा या नोंदीचा विषय आहे. गोव्यात हा प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्यांबाबत उद्भवतो. एक, डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांत खनिज व चिरे वाहणारे टिपर. दुसरी, चिरेखाणींच्या वाटा, पावसातला लाल चिखल आणि फेरीबोटीचा उतार यांना पुढचा बंपर टेकू नये म्हणून उचलून घेतलेली पिकअप. या दोहोंची पुढची रचना मुळातच भिन्न असल्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावता येत नाही. गॅरेजांतून ऐकू येणारी परस्परविरोधी मते बहुधा याच गल्लतीतून निघतात.

इतिहास : वळणावर आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, अन्यथा दोहोंपैकी एक चाक घासत जाते, हे तत्त्व सर्वत्र ॲकरमन यांच्या नावाने ओळखले जाते. श्रेय मात्र वादग्रस्त आहे. रूडॉल्फ ॲकरमन हे लंडनमधील प्रकाशक व छापील चित्रांचे विक्रेते होते. १८१८ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते म्युनिकचे बग्गी-कारागीर गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांच्या वतीने. लांकेन्स्पेर्गर यांची रचना १८१६-१७ च्या सुमाराची मानतात. इंग्लिश वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी त्याच्या सुमारे सहा दशके आधी, म्हणजे १७५८-५९ च्या आसपास, अशीच युक्ती योजली होती असे मानणारा एक पक्ष आहे. डार्विन यांनी पेटंट घेतले नाही, त्यामुळे त्यांच्या कल्पनेचा पुढच्या घडणीवर परिणाम झाला असे दाखवणे कठीण जाते. कल्पनेचा पहिला मान कोणाला द्यायचा हा प्रश्न बाजूला ठेवला, तर प्रचारात आलेल्या रचनेचे कर्तेपण लांकेन्स्पेर्गर यांच्याकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते.

बग्ग्या नाहीशा झाल्या, तरी तत्त्व यांत्रिक वाहनांत टिकले. फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १८७३ च्या आपल्या वाफेच्या गाडीत पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र खिळींवर फिरवले. दोन्ही स्टिअरिंग आर्मच्या रेषा मागे वाढवल्यास त्या मागच्या ॲक्सलच्या मध्यावर मिळाव्यात, हा नियम पॅरिसचे बग्गी-निर्माते शार्ल झांतो यांच्या नावे सांगितला जातो व तो साधारणपणे १८७८ चा धरतात. हा नियम कागदावर, वरून पाहिलेल्या सपाट आकृतीत सिद्ध होतो. गाडी उचलल्यावर स्टिअरिंग आर्मना जोडलेला टाय रॉड (चाके वळवणारी आडवी सळई) त्या पातळीत राहतो की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन, म्हणजे डावे-उजवे चाक एकमेकांपासून मोकळे ठेवणारी रचना, मोटारगाड्यांत १९३० च्या दशकात रूढ होऊ लागली. लहान-मोठ्या दोन आडव्या आर्मची आणि कॉइल स्प्रिंगची मर्सिडीज-बेन्झ ३८० ही गाडी १९३३ ची, तर जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेलांपासून स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन दिले. बहुतेक अवजड ट्रकांनी मात्र पुढचा एकसंध बीम ॲक्सल आजवर सोडलेला नाही.

बीम ॲक्सल : टिपरांत दोन्ही पुढची चाके एकाच घडीव ॲक्सलच्या टोकांवर किंगपिनने, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या उभ्या खिळीने, बसतात आणि ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टेकतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, हा ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो, आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा पुढचा भाग आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) आहे ते, ठरवणारा टाय रॉड ॲक्सलच्या बरोबरीने वर-खाली होतो. त्यामुळे पाटा वाढवा, ब्लॉक घाला किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी कडी) लावा, कॅम्बर आणि टो जागचे हलत नाहीत. वरच्या अंगाचा पिटमन आर्म आणि खालचा स्टिअरिंग आर्म यांना जोडणारा ड्रॅग लिंक तेवढा अधिक तिरका होतो. त्याचा परिणाम म्हणून गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग वाकडे दिसते आणि खड्ड्यात चाक वर गेले की ते किंचित स्वतःहून वळते. पाटे वाढवल्यावर टिपर टायर खाऊ लागला, तर अलाइनमेंटच्या आधी किंगपिनचे बुश, टाय रॉड एंड आणि हबचे बेअरिंग तपासावे. पुष्कळदा दोष तिथेच असतो आणि पाटे बदलताना गाडी जॅकवर चढली म्हणून तो नजरेस येतो.

बीम ॲक्सलात खरा बदल होतो तो कॅस्टरमध्ये, म्हणजे बाजूने पाहता किंगपिनच्या पुढे-मागे असलेल्या कलात. किंगपिनचे वरचे टोक मागे झुकलेले असेल तर कॅस्टर धन म्हणतात. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा कल हाच. खनिजाच्या वाहतुकीत बहुधा मागचेच पाटे वाढवले जातात, आणि त्याने पुढचा कॅस्टर कमी होतो. ३.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीचा मागचा भाग ६० मिमी उचलला, तर साटा (चॅसिस) पुढे सुमारे ०.९५ अंश झुकतो, म्हणजे तेवढाच कॅस्टर जातो. मुळात एक-दोन अंशच कॅस्टर असलेल्या गाडीचे स्टिअरिंग मग हलके होऊन भटकू लागते. भरल्या गाडीत मागचे पाटे दबतात व कॅस्टर परत येतो, त्यामुळे ‘रिकामी गाडी भटकते, भरली की ठीक चालते’ ही चालकांची तक्रार या हिशोबाशी जुळते. पुढचा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून कॅस्टर सुधारतात. शॅकल लांब करून पुढचा भाग उचलला असेल, तर शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असताना कॅस्टर वाढतो आणि पुढच्या टोकाला असताना घटतो.

स्वतंत्र सस्पेन्शन : बहुतेक नव्या पिकअपमध्ये वरचा आर्म लहान आणि खालचा मोठा असतो. टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईचा) बोल्ट आवळून किंवा कॉइलवर स्पेसर ठेवून गाडी उचलली, की दोन्ही आर्म खाली लोंबतात. दोन्हींची लांबी वेगळी असल्याने चाकाचे वरचे व खालचे टोक सारखे आत येत नाही. साधारण उचलीत कॅम्बर धनाकडे, म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर, जातो. उचल फार झाल्यास आखूड आर्म झपाट्याने आत ओढतो आणि तोच कॅम्बर उलट दिशेला वळू शकतो. म्हणून ‘उचलली की अमुकच होते’ असे सरसकट विधान करणारी मार्गदर्शिका जपूनच वाचावी. कॅस्टर बहुधा घटतो. पुढचा भाग वर गेल्याने साटा मागे झुकून थोडा कॅस्टर मिळतो, पण आर्मच्या तिरकेपणामुळे होणारी घट त्याहून मोठी असू शकते.

टायर खाण्यात सर्वांत मोठा वाटा टोचा. टाय रॉडचे बाहेरचे टोक खाली जाते आणि त्याचा आडवा पल्ला कमी होतो. स्टिअरिंग रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) ॲक्सलच्या पुढे असेल तर चाकाचा पुढचा भाग आत ओढला जाऊन टो-इन होण्याकडे कल असतो. रॅक मागे असेल तर टो-आउटकडे. रॉडची लांबी आणि कल आर्मशी जुळते तितका हा फरक कमी.

टोचे माप मिलिमीटरमध्ये सांगण्याची रीत आहे, पण ते कोणत्या व्यासावर घेतले हे सहसा सांगत नाहीत. १६ इंची रिमवर (४०६ मिमी) एकूण ३ मिमी टो असेल, तर प्रत्येक चाकाचा कोन सुमारे ०.२१ अंश येतो आणि गाडी दर किलोमीटरला चाक ३.७ मीटर आडवे सरकवते. तेच ३ मिमी टायरच्या ७५० मिमी बाह्य व्यासावर मोजले, तर आडवे सरकणे अवघे २ मीटर. पहिल्या मापाने पणजी ते मडगाव या सुमारे ३३ किमी वाटेवर हिशोब १२० मीटरपर्यंत जातो. टायर लवचिक असल्याने रबराचे प्रत्यक्ष घासणे याहून कमी होते, पण प्रमाण लक्षात यावे. शक्य तिथे टो अंशांत विचारणे बरे.

झीज ओळखणे : टो बिघडला की टायरच्या खोबणींच्या कडांना पिसासारखी धार येते. डोळ्यांना ती सहज दिसत नाही, तळहात फिरवल्यावर कळते. हात आतून बाहेर नेताना धार टोचली आणि बाहेरून आत नेताना पृष्ठ गुळगुळीत लागले, तर टो-इन जास्त आहे. उलट लागले तर टो-आउट. कॅम्बरने एकच खांदा सपाट झिजतो, धार येत नाही. कॅस्टर टायर थेट खात नाही. दोन बाजूंचा कॅस्टर वेगळा असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते आणि चालक सतत स्टिअरिंग धरून ठेवतो. ठिकठिकाणी पडलेले खळगे शॉक ॲब्झॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बोट दाखवतात. ते कोनांचे काम नव्हे.

कोकणपट्टीत या निदानाला ऋतूचा एक अडथळा आहे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो व त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबरात. ओल्या डांबरावर रबर कमी झिजते, त्यामुळे पावसाआधी उचललेल्या गाडीची चूक ऑक्टोबरपर्यंत झाकलेली राहू शकते. मग दसऱ्याच्या सुमारास खांदा एकदम उतरलेला दिसतो आणि दोष नव्या टायरला दिला जातो.

जुळवणी : गाडी जॅकवरून खाली घेतल्याबरोबर मोजू नये. टायर जमिनीला धरून राहतात, चाके बाहेर सरकू शकत नाहीत आणि सस्पेन्शन खोट्या उंचीवर अडकते. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलून किंवा फिरत्या प्लेटांवर घेऊन स्थिर होऊ द्यावी. आधी डावी-उजवी उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो हा क्रम पाळतात, कारण आधीच्या दोन्हींना हात लावला की टो बदलतो. खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टांची (फिरवून आर्म सरकवणाऱ्या) मर्यादा संपली तर बदली अप्पर आर्म घालावे लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोनही वाढतो. त्याची चर्चा वेगळ्या नोंदीचा विषय आहे.

अमेरिकन पुस्तकांतले एक प्रमाण इकडे उलटे करून घ्यावे लागते. रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी डावीकडे घसरते आणि डाव्या चाकाला किंचित जास्त कॅस्टर देऊन ती सावरतात. ही दुरुस्ती न करता परदेशी आकडे जसेच्या तसे भरले, की सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते.

अवजड गाड्यांच्या बाबतीत दोरी लावून टो पाहण्याची पद्धत अजून वापरात आहे. मागच्या चाकांना टेकवून पुढे ताणलेल्या दोऱ्यांपासून पुढच्या रिमच्या दोन कडांचे अंतर पाहतात. दोरी अचूक धरली तर टोपुरती ही पद्धत पुरेशी ठरते. कॅम्बर व कॅस्टर तिच्याने कळत नाहीत.

गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये थांबले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि मार्च २०१८ मध्ये ते पुन्हा थांबले. खनिज खाणींतून नदीकाठच्या जेटींवर नेणारे (तिथून ते बार्जमध्ये चढवले जाते) टिपर त्यामुळे गटागटाने बंद राहिले. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत टायरना सपाट डाग पडतात, किंगपिन गंजाने घट्ट होतात. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना दिसणारी झीज पाटे वाढवल्यामुळे आली की उभे राहण्यामुळे, हे बुश काढून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लावली. स्पेसर घालून केलेली साधी उचल त्यात कितपत मोडते, हे प्रत्येक प्रकरणात नोंदणी अधिकाऱ्याकडूनच तपासून घ्यावे लागते. उचललेल्या गाडीचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्यांची खालची जुळवणी अलाइनमेंटबरोबरच करून घेतात.