बात मित्झ्वा

बात मित्झ्वा म्हणजे ज्यू मुलगी धर्माच्या हिशेबाने मोठी होणं, आणि ते साजरं करायला जो कार्यक्रम होतो त्यालाही हेच नाव. हिब्रूत बात म्हणजे लेक आणि मित्झ्वा म्हणजे धर्माज्ञा, म्हणजे आज्ञा आता जिला लागू झाल्या अशी लेक. मुलांचं ते बार मित्झ्वा. मुलगा १३चा आणि मुलगी १२ची हा हिशोब खूप जुना आहे, मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात मुलामुलींनी बोललेला नवस कधीपासून खरा धरायचा याची चर्चा आहे तिथे हीच वयं येतात. रिफॉर्मसारखे उदारमतवादी पंथ मात्र बहुतेक ठिकाणी दोघांचंही १३व्या वर्षी करतात.

आपल्याला पटकन मुंज आठवते, पण फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मुंज लावावी लागते. इथे काहीच करावं लागत नाही, हिब्रू कॅलेंडरप्रमाणे बारावं वर्ष पूर्ण झालं की मुलगी बात मित्झ्वा झालीच, हॉल घेतला काय न घेतला काय. योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास आता तिचा तिने धरायचा, चुकलं तर उत्तर तिने द्यायचं. मग कार्यक्रम कशासाठी, तर चारचौघांनी ते बघावं आणि मान्य करावं म्हणून. आणि नेमकं हेच मुलींच्या वाट्याला शेकडो वर्षं आलं नाही, मुलाला सगळ्यांसमोर तोराजवळ, म्हणजे गुंडाळीवर लिहिलेल्या धर्मग्रंथाजवळ, बोलवायचे आणि बहीण बाराची झाली हे घरातल्या घरात राहायचं.

अगदीच काही नव्हतं असंही नाही. १९व्या शतकात इटली-फ्रान्समध्ये मुलींचे एकत्र समारंभ व्हायचे. बगदादचे मोठे रब्बी म्हणजे धर्मगुरू योसेफ हायीम यांनी लिहून ठेवलंय की मुलीने त्या दिवशी नवे कपडे घालावेत आणि नव्या गोष्टीसाठी म्हणतात तो शेहेहेयानूचा आशीर्वाद म्हणावा. (मुंबई-पुण्यातलं ससून घराणं याच बगदादी ज्यूंपैकी.) पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मुलीने स्वतः उभं राहून वाचायचं, हे चित्र बदललं ते न्यूयॉर्कमध्ये, १८ मार्च १९२२ला. रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांना चार मुली, थोरली ज्युडिथ, वय साडेबारा. वडिलांनी आदल्या रात्री तिच्याकडून उतारा वाचून घेतला, घरात दोन्ही आज्यांना हे पसंत नव्हतं, आणि शनिवारी सकाळी मुख्य वाचन संपून तोराची गुंडाळी मिटल्यावर ती व्यासपीठाच्या खाली, गुंडाळीपासून लांब उभी राहिली आणि आपल्या छापील पुस्तकातून तिने वाचलं. म्हणजे पहिली म्हणून जिचं नाव घेतात तिलाही प्रत्यक्ष गुंडाळीतून वाचायला मिळालं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. पुढे ती संगीताची अभ्यासक झाली, आणि १९९२मध्ये वयाच्या ८२व्या वर्षी तिने पुन्हा एकदा बात मित्झ्वा केली.

त्यानंतरही हे सरळ पसरलं नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या वाटेच्या पंथाच्या सिनेगॉगमध्ये बरीच वर्षं मुलींचा कार्यक्रम शुक्रवारी रात्री ठेवायचे, कारण शुक्रवारी रात्री तोरावाचन नसतंच, मग मुलीला बोलवायचं की नाही हा प्रश्नच येत नाही, तिने फक्त हाफ्तारा म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा म्हणायचा. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत बायकांना मोजायला त्या पंथाने परवानगी दिली ती १९७३ला.

खरी मेहनत तयारीत आहे, साधारण वर्षभर तरी जातं. तोराचे ५४ भाग पाडलेत आणि दर शब्बाथला म्हणजे शनिवारी ठरलेला भाग वाचतात, त्यामुळे आपल्या तारखेला जो भाग येईल तो आपला, निवड नाही. कोणाला जगाची निर्मिती येते, कोणाला कातडीच्या रोगांचे नियम, आणि त्या नियमांवरही बारा वर्षांच्या मुलीने भाषण तयार करायचं असतं. मुळात गुंडाळीतून वाचणंच अवघड, कारण त्यात नुसती व्यंजनं, स्वरांच्या खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांट्या काढून टाकल्या तर पात, पोत, पाती, पिता सगळ्यांचं 'पत' होईल, तसं समजा. त्यात ते नुसतं वाचायचं नाही, गायचं, आणि प्रत्येक शब्दाची चाल ठरलेली. वेदपाठात अक्षराच्या वर-खाली स्वरांच्या रेघा असतात तशा खुणा हिब्रूतही आहेत पण फक्त छापील पुस्तकात, गुंडाळीत त्याही नाहीत, म्हणून घरी तिक्कून नावाचं पुस्तक घेऊन बसतात ज्यात एका बाजूला खुणांसकट मजकूर आणि शेजारी गुंडाळीसारखा बिनखुणांचा. आधी खुणा बघून पाठ, मग खुणा झाकून. शालशेलेत नावाची एक लांबलचक वळणाची खूण अख्ख्या तोरात फक्त ४ वेळा येते.

त्या दिवशी ती बीमावर, म्हणजे व्यासपीठावर जाते, अनेक मुली तालित पांघरतात, ती चार टोकांना गाठी मारलेल्या झालरी असलेली शाल. चर्मपत्राला हात लावायचा नसतो म्हणून ओळ दाखवायला याद, टोकाला छोटासा हात असलेली चांदीची नाहीतर लाकडाची काठी. बाजूला गब्बाई उभे असतात आणि अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावतात, मुलगी आहे लहान आहे म्हणून सोडत नाहीत, आणि मला तरी यातच तिचा मान दिसतो. मग तिचं भाषण, द्वार तोरा. बऱ्याच सिनेगॉगमध्ये वाचन संपलं की लोक तिच्यावर मऊ जेलीच्या गोळ्या उधळतात आणि बारकी पोरं त्या गोळा करायला धावतात.

तयारीत एखादं समाजकामही धरतात. १९७०-८०च्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी मुलामुलींनी आपला दिवस सोव्हिएत रशियातल्या एखाद्या ज्यू मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने वाटून घेतला, ज्यांना तिथे उघडपणे हे करताच येत नव्हतं.

पार्टी हा वेगळाच विषय. अमेरिकेत डीजे, मेणबत्त्या, मुलीला खुर्चीत बसवून खुर्ची उचलून होरा नाच, खर्च लग्नाच्या जवळ जातो आणि रब्बी त्याबद्दल कुरकुरतात. आहेर १८च्या पटीत, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो आणि खाय म्हणजे जिवंत या शब्दातल्या अक्षरांची बेरीज १८ येते. ऑर्थोडॉक्स म्हणजे जुन्या वळणाच्या घरांत मुली बहुतेक ठिकाणी पुरुषांसमोर तोरा वाचत नाहीत, मुलगी भाषण देते, बायका मिळून खाल्ला या शब्बाथच्या पावाची कणीक मळून त्यातला वाटा बाजूला काढायची आज्ञा पाळतात, काही ठिकाणी फक्त बायकांच्या प्रार्थनेत ती वाचतेसुद्धा. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, या ज्यूंच्या पवित्र जागी, मुलीने गुंडाळीतून वाचायचं म्हटलं की अजून वाद होतो, १९८८पासून विमेन ऑफ द वॉल ही संघटना त्यासाठी भांडतेय.

आपल्या बेने इस्राएलांची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंची, घरची भाषा मराठी. कोकणात तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली हे नाव. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ला ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संघटना सुरू झाली, बाकी समाज मात्र जुन्या वळणाचाच राहिला आणि त्यातले बहुतेक लोक आता इस्राएलमध्ये आहेत, अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबाकडे. त्यांच्यात कुठल्याही आनंदाच्या प्रसंगाला एलियाहू हानावीचा म्हणजे संदेष्टा एलियाचा मलिदा करतात, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं, आणि प्रार्थना म्हणून झाल्यावर ताट सगळ्यांत फिरतं. मराठी बोलणारी आजी घरात असेल तर नातीच्या बात मित्झ्वाला डीजेच्या आधी हे ताट मांडलं जाणं अगदी साहजिक आहे.