आयपी ट्रान्झिट

आयपी ट्रान्झिट म्हणजे एका नेटवर्कने मोठ्या नेटवर्ककडून विकत घेतलेली अख्ख्या इंटरनेटपर्यंतची वाट. तालुक्याच्या गावातला ब्रॉडबँडवाला आपल्याला १०० एमबीपीएसची लाईन देतो ती त्याच्याकडे पुढून कुठून तरी यावी लागते, जो देतो तो त्याचा अपस्ट्रीम. हा अपस्ट्रीम त्याला बीजीपीवरून (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) जगभरचे रूट, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कसं जायचं ते, देतो (आयपीव्ही४ चेच दहा लाखांच्या घरात आहेत) आणि त्याचे आयपी पत्ते जगाला जाहीर करतो. पीअरिंग वेगळं, त्यात दोन नेटवर्क फक्त आपापल्या ग्राहकांचा ट्रॅफिक एकमेकांना देतात, बहुतेक वेळा फुकट, पण पलीकडच्या तिसऱ्याकडे जायची सोय त्यात नसते.

ज्यांना स्वतःला कुणालाच ट्रान्झिटचे पैसे द्यावे लागत नाहीत ते टियर १. अरेलिऑन, लुमेन, एनटीटी, आणि आपली टाटा कम्युनिकेशन्स, जिचं एएस ६४५३ (एएस म्हणजे नेटवर्कचा जागतिक क्रमांक) हे नेटवर्क मुळात कॅनडाच्या टेलिग्लोबचं, ते व्हीएसएनएलने घेतलं आणि २००८ मध्ये व्हीएसएनएलचं नावच बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं. पण टियर १ आहे म्हणून डोळे मिटून एकाच्याच भरवशावर राहणं चूक. मार्च २००८ मध्ये कोजेंट आणि टेलिया (आजची अरेलिऑन) या दोन मोठ्या नेटवर्कचं पीअरिंग तुटलं तेव्हा फक्त यातल्या एकाकडूनच ट्रान्झिट घेणाऱ्यांना दुसरीकडच्या साइट्स दिसेनाशा झाल्या, ते जवळजवळ दोन आठवडे चाललं. दोन अपस्ट्रीम हवेतच.

दर सांगतात तो दर महिन्याला एका एमबीपीएसमागे किती असा, आणि कमिट, म्हणजे करारात कबूल केलेला किमान वापर, जितका मोठा तितका तो खाली येतो. बिलाच्या दोन पद्धती आहेत. फ्लॅटमध्ये ठरलेल्या क्षमतेला कॅप असतो, त्यावर गेलात की पॅकेट ड्रॉप. दुसरी ९५ पर्सेंटाइल: पोर्टवरचा (अपस्ट्रीमशी जोडणीच्या जागेवरचा) वापर दर पाच मिनिटांनी मोजतात, ३० दिवसांच्या महिन्यात ८६४० रीडिंग होतात, त्यातली सगळ्यात वरची पाच टक्के म्हणजे ४३२ रीडिंग सोडून द्यायची आणि त्याखालचं जे पहिलं रीडिंग त्यावर बिल. येणारा आणि जाणारा ट्रॅफिक वेगवेगळा मोजतात आणि जो जास्त भरेल तो धरतात, घरगुती ग्राहकवाल्या आयएसपीचा (इंटरनेट पुरवठादाराचा) नेहमी येणाराच.

हे ऐकायला फार स्वस्त वाटतं आणि सेल्सवाले तसंच सांगतात, म्हणून हिशोब नीट करून बघा. ४३२ रीडिंग म्हणजे महिन्याचे ३६ तास. घरगुती ग्राहकांचा पीक रोज रात्री ८ ते ११, म्हणजे महिन्याला ९० तास. त्यामुळे रोजचा पीक यातून सुटत नाही, रात्रीच्या पीकचे पैसे जवळपास पूर्णच भरावे लागतात, सुटते ती आयपीएल फायनलसारखी एखाददुसरी रात्र. ऑफिसं जास्त असलेल्या आयएसपीचं गणित याहून वेगळं. समजा कमिट १० जीबीपीएस आहे आणि ९५ पर्सेंटाइलचं रीडिंग १३ निघालं, तर वरच्या ३ ला कुठला दर लागणार ते करारात आधीच लिहून घ्यायचं, कारण काहीजण बर्स्टला (कमिटच्या वरच्या वापराला) चढा दर लावतात.

आता दर कुठला ते बघा. मुंबईत समुद्राखालच्या केबल येतात, मोठी डेटा सेंटर आहेत, २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सीचा एक्स्चेंज (बरीच नेटवर्क एकमेकांशी पीअरिंग करतात ती जागा) आहे आणि डीई-सिक्सचाही आहे, म्हणून घाऊक दर मुंबईचाच सांगितला जातो. नाशिकच्या आयएसपीला त्यावर मुंबई ते नाशिक बॅकहॉल (ट्रॅफिक तिथवर आणणारी लाईन), डेटा सेंटरमधलं क्रॉस कनेक्ट (दोन कंपन्यांची यंत्रं जोडणारी केबल) आणि १८ टक्के जीएसटी लागतो, हे सगळं धरून एमबीपीएसमागे किती पडतं तीच खरी किंमत. आणि दोन कंपन्यांकडून दोन लिंक घेतल्या तरी दोन्हींचं फायबर कसारा घाटात एकाच चरातून जात असू शकतं, मग एका जेसीबीत दोन्ही बंद! रूटचा नकाशा मागायचाच.

सगळा ट्रॅफिक ट्रान्झिटवर टाकायचीही गरज नसते. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा हे पुरेसा ट्रॅफिक असेल तर आयएसपीच्या नेटवर्कमध्ये स्वतःचे कॅश सर्व्हर (जास्त पाहिल्या जाणाऱ्या मजकुराच्या प्रती साठवणारे) ठेवतात, बाकीचं बरंच एक्स्चेंजवर मिळतं, त्यामुळे आधी कॅश, मग पीअरिंग, आणि जे उरलं तेवढ्याचंच ट्रान्झिट घ्यावं. मात्र पीअरिंग पडलं तर तो भार सांभाळेल इतकी जागा ट्रान्झिट पोर्टवर ठेवावी.

क्वालिटी तपासायला विकणाऱ्याचा लुकिंग ग्लास (त्याच्या नेटवर्कमधून चाचणी करू देणारं वेबपान) उघडा आणि रात्री ९ ला ट्रेसराउट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी चाचणी) मारा, दुपारी तर सगळेच छान दिसतात. मुंबई ते सिंगापूर साधारण ६० मिलीसेकंद यायला हवेत, २०० च्या वर दिसले तर ट्रॅफिक बहुतेक युरोपला वळसा घालून जातोय, मग गेमिंगवाले ग्राहक टिकत नाहीत. पश्चिमेकडचा रस्ता लाल समुद्र आणि इजिप्तवरून जातो. जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट चांगलंच मंदावलं होतं, २०२४ मध्येही लाल समुद्रात केबल तुटल्या. म्हणून एक अपस्ट्रीम पश्चिमेला मजबूत आणि दुसरा सिंगापूरकडे मजबूत अशी जोडी निवडावी, निव्वळ स्वस्त म्हणून एकाच बाजूचे दोन घेऊ नयेत.

डीडॉस (असंख्य ठिकाणांहून एकदम ट्रॅफिक ओतून केलेला हल्ला) आला तर बीजीपी कम्युनिटी (रूटला जोडायची खूण) लावून त्या एका आयपीचा ट्रॅफिक अपस्ट्रीमच्या टोकालाच ब्लॅकहोल करता, म्हणजे फेकून देता, येतो का, हेही विचारा. ही सोय नसेल तर एका ग्राहकावरच्या हल्ल्यात आपला पूर्ण पोर्ट भरतो आणि सगळं गाव ऑफलाइन. आरपीकेआय (कुठले आयपी कोण जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद) तपासून चुकीचे रूट गाळणारा अपस्ट्रीम दोन पैसे महाग असला तरी घ्यावा, फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने जाहीर केलेला यूट्यूबचा रूट तिच्या अपस्ट्रीमने न गाळता पुढे दिला आणि जगभर यूट्यूब दोनेक तास गायब झालं.

कराराची मुदत शक्यतो एक वर्षच ठेवा. ट्रान्झिटचे दर वर्षानुवर्षं उतरत आलेत, तीन वर्षं बांधून घेतलं तर आजचा दर तिसऱ्या वर्षीही भरत बसावं लागतं. मुदत मोठीच हवी असेल तर दरवर्षी दर कमी करायचं कलम घाला आणि पॅकेट लॉस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर क्रेडिट नोट किती मिळणार तेही आकड्यात लिहून घ्या.