माळवदावरची माती

लातूर-धाराशिवच्या पट्ट्यातली जुनी घरं माळवदाची. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, सांध्यांत नुसता चिखल, आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या अन् त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती आणखी टाकायची. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, म्हणून माणसाचा त्याच्यावर जीव.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तीच माती अंगावर आली. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप होता ६.२ चा. साडेतीन महिन्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा झाला, तोही पहाटेच. तिथे गेलेल्यांचा आकडा साठच्या आसपास. हा फरक मला अजून झोपू देत नाही.

इतिहासातला सर्वांत जीवघेणा मानला जाणारा भूकंप चीनच्या शान्शी प्रांतातला, १५५६ सालचा. मृतांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा ८ लाख ३० हजार. तिथली असंख्य माणसं पिवळ्या भुसभुशीत मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहत. डोंगरच घरात शिरला.

युद्धात आणि दुष्काळात मेलेल्यांचे आकडे तर एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. १६३० ला पाऊस गेला, तेव्हा निजामशाही बुडवायला निघालेल्या शाहजहानच्या फौजा दख्खनेत होत्या. वेढे धारूर-परांड्याच्या किल्ल्यांना पडत होते. पिकलं नव्हतंच, होता तो दाणा-वैरण लष्कराने उचलली. गुजरात आणि दख्खन मिळून लाखो माणसं मेली. मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली जात, हे शाहजहानच्याच दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीने लिहून ठेवलंय. १९४३ चा बंगालचा दुष्काळही असाच, महायुद्धाच्या सावलीत पडलेला. त्यात वीस ते तीस लाख गेले.

म्हणून मला बहात्तर सालचा दुष्काळ मोठा वाटतो. जनावरं दावणीला मेली, विहिरींनी तळ गाठला, गावंच्या गावं खडी फोडायला गेली. पण पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामावर मजुरी मिळाली, पोटाला सुकडीचा कोरडा खाऊ आणि मिलो ही लाल परदेशी ज्वारी मिळाली. बंगालसारखा लाखांनी माणूस मेला नाही. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

किल्लारीनंतर अभियंत्यांनी सांगितलं ते साधंच होतं: माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार द्या, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवा. मराठवाड्यात अजून कितीतरी माळवदं उभी आहेत.