नेट ३०० एमबीपीएसचं, तरी पिंग का उडतो? थोडं मागे जाऊन बघूया

गेमिंगसाठी राऊटर कुठला घेऊ असं कुणी विचारलं की समोरचा आधी विचारतो प्लॅन कितीचा आहे, मग विचारतो अँटेना किती. दोन्ही प्रश्नांचा पिंगशी, म्हणजे तुमचा सिग्नल गेमच्या सर्व्हरला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेशी, फारसा संबंध नाही. पण लोक हेच का विचारतात ते समजायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं, कारण नेट नेमकं कुठे अडकतं ती जागा दर काही वर्षांनी बदलत गेली आणि आपण जुन्याच दुखण्याचं औषध घेत बसलो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलतर्फे, टेलिफोन लाइनवर डायल-अप. नेट लावलं की घरचा फोन एंगेज. त्यावर फास्ट गेम खेळणं जवळपास अशक्यच, आणि ही बोंब फक्त आपल्याकडे नव्हती, अमेरिकेतही तेच. १९९६ मध्ये क्वेक हा शूटर गेम आला तेव्हा तुम्ही पुढे जायचं बटण दाबलं की ते आधी सर्व्हरला जायचं, तिथून उत्तर आलं की मग स्क्रीनवर माणूस हलायचा, म्हणजे मोडेमवर प्रत्येक पाऊल उशिरा. क्वेकचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने त्याच वर्षाच्या शेवटी क्वेकवर्ल्ड ही इंटरनेटवर खेळायची आवृत्ती काढली, त्यात सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमचाच पीसी अंदाज बांधून तुम्हाला लगेच पुढे सरकवायचा आणि उत्तर आल्यावर जागा दुरुस्त करायचा. आजचे शूटर गेम याच युक्तीवर चालतात. नेट गंडलं की कॅरेक्टर रबरासारखं मागे खेचलं जातं ना, तो हाच चुकलेला अंदाज.

आपल्याकडची पोरं या भानगडीत पडलीच नाहीत, ती सरळ सायबरमध्ये गेली. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ चालायचं, डस्ट टू मॅप, सगळे पीसी एकाच स्विचला केबलने जोडलेले, तासावर पैसे. पिंग एक आकडी. लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) म्हणजे काय हे माहीतच नसलेली ही पिढी नंतर घरच्या नेटवर आली आणि मग वैतागली.

घरी ब्रॉडबँड आलं ते २००४ च्या धोरणानंतर. त्यात ब्रॉडबँडची व्याख्याच होती किमान २५६ केबीपीएस (ती २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडलं). २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं. फोनच्या तारेवरच चालणारं एडीएसएल नावाचं ब्रॉडबँड, भिंतीपाशी ती छोटी स्प्लिटरची डबी, एक वायर फोनला, एक मोडेमला. डाउनलोडला महिन्याची लिमिट, पण काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ फुकट, त्यामुळे गेमचे मोठाले पॅच रात्री दोनला लावायचे आणि पीसीचा पंखा घोंघावत असताना त्याच खोलीत झोपायचं हा अनेक घरांतला रिवाज. कोण कुठल्या एक्स्चेंजपासून किती लांब राहतो यावर लाइन कशी मिळेल ते ठरायचं. शिवाय लाइनवर इंटरलीव्हिंग नावाचा प्रकार असायचा, लाइनवरच्या खरखरीमुळे चुका होऊ नयेत म्हणून डेटा विस्कटून पाठवायचा आणि पलीकडे परत जुळवायचा, त्यात पिंग वाढायचा. जाणकार गेमर एक्स्चेंजमध्ये फोन करून इंटरलीव्हिंग काढून फास्ट पाथ करून द्या म्हणून मागे लागायचे.

आता गंमत बघा. शूटर गेमला लागतो किती डेटा? सेकंदाला काही दहा-वीस-पन्नास किलोबिट. म्हणजे २५६ केबीपीएसवर खेळता यायचं, अगदी बऱ्यापैकी, फक्त घरात दुसऱ्या कुणी नेटला हात लावायचा नाही. कारण नेटवर डेटा छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो, आणि १५०० बाइटचं एक पूर्ण भरलेलं पॅकेट २५६ केबीपीएसच्या लाइनवर चढवायला साधारण ४७ मिलीसेकंद लागतात, अशी दहा रांगेत पुढे असली की तुमची गोळी अर्धा सेकंद उशिरा. बोरघाटात दहा कंटेनरच्या मागे बाईक अडकावी तसं, बाईकला जागा कितीशी लागते, पण ओव्हरटेकच नाही. अडचण तेव्हाही रांगेचीच होती, पण लाइन इतकी स्लो की सगळ्यांनी दोष स्पीडलाच दिला, आणि स्पीड वाढव म्हणजे झालं ही समजूत तिथून डोक्यात बसली ती बसलीच.

दरम्यान वायफायचं वेगळंच चाललं होतं. १९९७ चं पहिलं स्टँडर्ड २ एमबीपीएसचं, १९९९ मध्ये ११, २००३ मध्ये ५४. लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राऊटर याच काळातला. त्याच्या आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे हे २००३ मध्ये लोकांनी शोधून काढलं, लिनक्सच्या लायसन्सप्रमाणे सोर्स कोड द्या म्हणून मागे लागले, कंपनीने दिला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी ही राऊटरवर चढवायची सॉफ्टवेअर जन्माला आली. माझ्या मते घरगुती नेटच्या इतिहासात याच्याएवढी मोठी घटना नाही, कारण राऊटर ही बंद डबी न राहता बाहेरच्या माणसांना उघडून सुधारता येणारी वस्तू झाली. 'गेमिंग राऊटर' हा शिक्काही त्याच सुमाराचा, डी-लिंकने गेमरलाउंज नावाने राऊटर काढले त्यात गेमच्या पॅकेटला पुढे काढायची सोय होती, म्हणजे सुरुवात तरी योग्य जागी झाली होती. लाल लाइट आणि कोळ्यासारख्या अँटेना नंतर आल्या.

रांगेवर खरं बोट ठेवलं ते जिम गेटिस यांनी. बेल लॅब्जमधला हा माणूस २०१० मध्ये घरून मोठ्या फाइल पाठवत होता आणि त्याचं घरचं नेट त्या वेळी अक्षरशः लोळण घेत होतं. खणून काढल्यावर कळलं की मेमरी स्वस्त झाली म्हणून मोडेम आणि राऊटरवाल्यांनी आत मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायच्या जागा, टाकलेत, पॅकेट फेकून न देता साठवत बसतात, आणि टीसीपीला (डेटा किती वेगाने पाठवायचा ते ठरवणाऱ्या नेटच्या पद्धतीला) पॅकेट हरवल्याशिवाय कळतच नाही की पुढे जाम आहे, म्हणून ती आणखी ओततच राहते. गेटिसने याला बफरब्लोट म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल आणलं, रांगेत पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघून वेळेत फेकून देणारं. त्याच वर्षी त्याचं सुधारित रूप एफक्यू-कोडेल लिनक्समध्ये आलं, २०१८ मध्ये त्याच्याही पुढचं केक. हे सगळं घरगुती राऊटरमध्ये उतरवायला डेव्ह टाट यांनी आयुष्याची वर्षं घातली, २०२५ मध्ये ते गेले. बॉक्सवर यातलं काहीच छापलेलं नसतं, हा खरा वैताग.

आपल्याकडे पुढचा धक्का २०१६ चा, जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात. २०१८ मध्ये पबजी मोबाइलने घराघरात 'पिंग' शब्द पोचवला, २०१९ मध्ये जिओफायबरची कमर्शियल सुरुवात झाली, केबलवालेही फायबर टाकू लागले. मग उरलं अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलीसेकंद तर निसर्गच घेणार, समुद्रातली केबल वळसे घेते ते वेगळं. १००० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी त्यातला एक मिलीसेकंद कमी होत नाही. व्हॅलोरंट हा शूटर गेम २०२० मध्ये आला तेव्हा आपले लोक सिंगापूरवर खेळत होते, मुंबई सर्व्हर आल्यावर पिंग धाडकन खाली आला, तेव्हा कुणीच राऊटर बदलला नव्हता.

लाइन झाली, सर्व्हर जवळ आला, आता अडतं ते घरातच. फायबरवाला माणूस दाराजवळच्या कोपऱ्यात ओएनटी (फायबरची तार जिथे येते ती डबी) ठोकून जातो, गेमिंगचा पीसी शेवटच्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, बिल्डिंगमध्ये राऊटर चाळीस. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, शेजारी बोलत असेल तर तुमचा राऊटर गप्प थांबतो, आणि तेच थांबणं गेममध्ये स्पाइक, म्हणजे पिंगची अचानक उडी, म्हणून दिसतं. ५ गीगाहर्ट्झमधला बराच मोठा पट्टा सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये लायसन्समुक्त केला, तिथे गर्दी कमी, पण भिंती त्याला जास्त नडतात.

म्हणून आजच्या घडीला क्रम असा लागतो: जमत असेल तर केबल, नाही जमलं तर त्याच खोलीत पोचणारा ५ गीगाहर्ट्झ, आणि राऊटर घेताना त्यात एसक्यूएम (पॅकेटची रांग आवरायची सोय) आहे का किंवा ओपनडब्ल्यूआरटी चढतं का ते बघणं. एसक्यूएममध्ये स्पीड मुद्दाम लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधायचा, म्हणजे रांग ओएनटीत न लागता तुमच्या राऊटरमध्ये लागते आणि तिथे केक तिला आवरतो. हे करायला प्रोसेसरला जोर लागतो, १०० च्या लाइनवर जुना राऊटरही चालून जाईल, ५०० च्या लाइनवर स्वस्तातला हातच टेकतो. स्वस्तातल्या काही राऊटरचे लॅन पोर्ट (केबल जोडायच्या जागा) अजून १०० एमबीपीएसचेच असतात, ते मात्र दुकानातच बघून घ्या. ६ गीगाहर्ट्झचा खालचा ५०० मेगाहर्ट्झ घरात वापरायला मोकळा करायचा मसुदा आपल्याकडे मे २०२५ मध्ये आला, अंतिम नियम २०२६ मध्ये, अमेरिकेने तो बँड २०२० मध्येच उघडला होता, त्यामुळे वायफाय ७ चा राऊटर घेताना भारतात विकलं जाणारं मॉडेल ६ गीगाहर्ट्झ देतं की फक्त डबल बँडच (२.४ आणि ५) आहे हे स्पेसिफिकेशनमध्ये जाऊन वाचावं लागतं.