पाळी फडात, पॅड गावात

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. 'माझी पिशवी काढलीय' हे तिशीतली बाईही सहज सांगून जाते. त्या सहजपणामागे कित्येक वर्षांची ऊसतोड आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली कोरडवाहू शेती वर्षभर पोसत नाही. १९७२च्या दुष्काळानंतर साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्या वाढत गेल्या. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून ती फेडायची. एकाने खाडा केला तरी दंड जोडीला बसतो. त्यामुळे पाळीच्या पहिल्या दिवशी कंबर मोडून आली तरी बाई उसाच्या फडात असते.

राहायला ताडपत्रीची कोपी. न्हाणी नाही, संडास नाही. दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पाळीच्या कापडाची घडी बदलायला आडोसा उसाचाच. हंड्याने आणलेलं पाणी आधी पिण्याला आणि चुलीला. कापड धुतलं तरी चारचौघांत उन्हात कसं घालणार? ते साडीखाली दमटच वाळतं आणि तेच पुन्हा वापरलं जातं. खाज, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातलं दुखणं, सगळं अंगावर काढलं जातं. असह्य झालं की दवाखाना, कॅन्सरची भीती, ऑपरेशन आणि त्यासाठी पुन्हा उचल.

२०१९मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. बीडमध्ये तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने सांगितलं. या प्रश्नावर नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा त्याहून सुन्न करणारा होता: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दर सहाजणींत एक. नुसत्या पॅडने हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. खाड्याचा दंड आणि घाईने सुरी चालवणारे डॉक्टर यांचाही त्यात वाटा आहे. पण सुरुवात अनेकदा त्या दमट कापडापाशी होते.

योजना नव्हत्या असं नाही. केंद्राने आशाताईंमार्फत सहा रुपयांत सहा पॅड द्यायला सुरुवात केली होती. मार्च २०१८मध्ये राज्याची अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागली, तीही बचत गटांमार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. पण आशाताई, शाळा, बचत गट हे सगळं गावात, आणि बाई हंगामभर फडात. धाकट्या भावंडाला सांभाळायला सोबत नेलेल्या मुलीचं नाव शाळेच्या पटावर असतं; पहिली पाळी मात्र तिला कोपीत येते.